सतरा नंबरची खाट

डॉक्टर तन्वीर मुजावरांनी मान वर केली, समोर आनंदा खोतला पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

आनंदा बायकोला घेऊन आला होता. शालन परसातल्या पायरीवरून घसरली होती आणि तिचं मनगट सुजलं होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर आलेत, नीट बघतात, असं वृषालीनं सांगितलं होतं. वृषाली त्यांची मुलगी. ती याच दवाखान्यात नर्स होती, पण आज तिची दुपारची पाळी होती.

"बसा काका," डॉक्टर म्हणाले. वय फार तर अठ्ठावीस. शालनचं मनगट दाबून बघताना त्यांचं अर्धं लक्ष आनंदाकडंच होतं. चेहऱ्याकडं नव्हे, गळ्याकडं. मानेवरची शीर उडते तिथं.

शालन एक्स-रेला गेली तेव्हा डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. मग जवळ येऊन दोन्ही हातांनी आनंदाचा हात धरला. हात गरम आहे ना, याची खात्री करून घ्यावी तसा.

"काका, रागावू नका. मी तुम्हाला अकरा वेळा मारलंय."

आनंदाला समजलं. असं सांगणारा हा पहिलाच नव्हता.

"आणि बाराव्या वेळंला?"

"बाराव्या वेळेला वाचवलं. म्हणून तर पास झालो."

"मग झालं की," आनंदा म्हणाला. पण डॉक्टरांनी हात सोडला नाही. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की ते नाडी मोजतायत.

चार वर्षांपूर्वी आनंदा एसटीतून निवृत्त झाला होता. अठ्ठावीस वर्षं तो स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारत होता. निवृत्तीनंतर दोनच महिन्यांनी गावात आरोग्य शिबिर भरलं. तिथं गौतमी इनामदार नावाची एक इंजिनीअर पुण्याहून आली होती. तिला माणसं हवी होती. आजारी नव्हेत, साधी चालती-फिरती, चाळीस दिवस देऊ शकतील अशी.

"वैमानिकाला आधी खोट्या विमानात बसवतात," ती म्हणाली. "ते शंभर वेळा पाडू देतात. मग खरं विमान हातात देतात. डॉक्टरला मात्र पहिल्या दिवसापासून खरा माणूस. आम्ही खोटा माणूस तयार करतोय."

आनंदाचा धाकटा भाऊ सदाशिव छातीत जळजळतंय म्हणून एकदा दवाखान्यात गेला होता. नुकता पास झालेला डॉक्टर होता. त्यानं पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. सदाशिव रिक्षातच गेला. आनंदाला त्या डॉक्टरचा राग कधी आला नाही. तो पोरगा नंतर दारात येऊन उभा राहिला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं, एवढं त्याच्या लक्षात होतं.

"माझ्यावर चुकू देत की," आनंदा गौतमीला म्हणाला आणि त्यानं सही केली.

चाळीस दिवस तो पुण्यात राहिला. मोठ्या यंत्रात सरकवून त्याच्या हाडांची, स्नायूंची, रक्तवाहिन्यांची चित्रं घेतली. अंगाला पट्ट्या चिकटवून त्याला जिने चढायला लावले, झोपवलं, तिखट खायला घातलं, मुद्दाम चिडवलं. या सगळ्यातून त्याची देहप्रत उभी राहिली. देहप्रत म्हणजे चित्र नव्हे, गणितांचा एक प्रचंड गुंता. हृदय म्हणजे पंप, तो किती जोरानं ढकलतो याचं एक समीकरण. रक्तवाहिन्या म्हणजे ताणल्या जाणाऱ्या नळ्या, त्यांचं दुसरं. फुप्फुसं, मूत्रपिंडं, रक्तातली साखर, भीती वाटल्यावर सुटणारी रसायनं, अशी हजारो समीकरणं एकमेकांत गुंतलेली. विद्यार्थ्यानं एखादं औषध दिलं की आधी तयार करून ठेवलेलं दृश्य पडद्यावर येत नसे. ते औषध त्या देहातून खरोखर वाहत जाई आणि जे व्हायचं ते होई. काय होईल हे ती बनवणाऱ्यांनाही आधी ठाऊक नसे.

आणि रोज दोन तास गप्पा. बालपण, नोकरी, बायको, मुलगी, भांडणं, दुखणी. आनंदा काय सांगतो, काय गाळतो आणि गाळताना कुठं बघतो, हे यंत्र शिकलं. निम्मी विद्या तिथंच होती, कारण खरे रुग्ण डॉक्टरशी खरं बोलत नाहीत.

या देहप्रतींवर डॉक्टरकी शिकवणारा एक खेळ तयार झाला, त्याचं नाव ठेवलं 'निदान'. त्यात चोवीस जणांच्या देहप्रती होत्या. आनंदा सतराव्या नंबरचा. चोवीस जणांत सगळ्यात सफाईनं खोटं बोलणारा तोच निघाला. छातीत कळ आली तरी सतरा नंबर म्हणायचा, "काय न्हाई हो, गॅस धरलाय." शेजारी बसून, नीट, तीनदा विचारल्याशिवाय तो खरं सांगत नसे. म्हणून शेवटच्या परीक्षेला त्यालाच ठेवलं.

पहिली तीन वर्षं आनंदाला काही जाणवलं नाही. मग 'निदान'वर शिकलेल्या डॉक्टरांच्या तुकड्या बाहेर पडू लागल्या. कोल्हापूरच्या मंडईत एक मुलगी त्याला बघून हातातली पिशवी तिथंच ठेवून निघून गेली. एका लग्नात कुणीतरी तरुण त्याच्यामागं कार्यालयाचा जिना चढून आला आणि तो वर नीट पोचल्यावर खाली गेला. बरगडीखालचा लहानपणीचा व्रण कसा झाला हे अनोळखी माणसं त्याला सांगू लागली. तो कशानं मरतो, हे मात्र कुणी सांगेना. "ते सांगायचं नसतं काका, नियम आहे," एवढंच. बोलताना त्यांची नजर त्याच्या छातीवर जायची आणि ते ती काढून घ्यायचे.

मुजावर डॉक्टर भेटले त्याच वर्षी नर्सनाही नोंदणी नवी करताना 'निदान'ची परीक्षा सक्तीची झाली. वृषालीला घरी खेळाचा चष्मा आला. डोळे झाकणारा जाड काळा पट्टा आणि हातमोजे. सतरा नंबर माझे वडील आहेत, मला दुसरा रुग्ण द्यावा, असा अर्ज तिनं केला. सर्वांसाठी परीक्षा समान आहे, असं उत्तर आलं.

ती रोज ड्यूटीवरून आल्यावर आतल्या खोलीत तासभर सराव करायची. बाहेर आली की थेट न्हाणीघरात जायची. हळूहळू तिनं आनंदासमोर बसून जेवणं सोडलं. आधी ती येता-जाता त्याला चिडवायची, पेपरातली कोडी विचारायची. आता तो बोलायला लागला की ती भिंतीकडं बघून हूं म्हणायची.

"वृषीचं काय बिनसलंय?" शालननं विचारलं.

"परीक्षा हाय तिची," आनंदा म्हणाला.

एका रविवारी ती म्हणाली, "आण्णा, उद्या कोल्हापूरला जायचंय. तुमचं स्कॅन करायचंय." बसमध्ये खिडकीबाहेर बघत तिनं नियम मोडला.

"खेळात आधी आजार घातलेले असतात. पण एक मुक्त डाव पण असतो. त्यात काही घालत नाहीत. तुमचा देह फक्त पुढं पळवतात. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. शंभर वेळा पळवला. एकसष्ट वेळा तो एकाच गोष्टीनं गेलाय."

"कशानं?"

"हृदयातून जी मोठी नळी निघते, महाधमनी, तिचा आतला पदर उसवतो. ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, म्हणून सगळे गुठळी विरघळायचं इंजेक्शन देतात. ते दिलं की चार मिनिटांत..." तिनं खिडकीची काच सरकवली. "त्यात फसवणूक आहे म्हणून परीक्षेला तेच घेतलंय."

"कितव्या वर्षी?"

"बासष्टाव्या."

आनंदाला बासष्टावं लागायला पाच महिने होते.

स्कॅन झालं. महाधमनी थोडी रुंद होती. "अशी पुष्कळांची असते," कोल्हापूरचे मोठे डॉक्टर म्हणाले. "रक्तदाबाची गोळी चुकवू नका. वर्षानं परत बघू." पण त्या दिवसापासून घरात ती नळी राहायला आली. आनंदा बादली उचलायला वाकला की शालनचा हात थांबायचा. तो खोकला की वृषाली दारात यायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. शालन बचत गटाच्या बैठकीला गेली होती, वृषाली ड्यूटीवर. चष्मा पलंगावर पडला होता. आनंदानं तो उचलला आणि डोळ्यांवर चढवला.

दवाखान्याची खोली होती. हिरवा पडदा, लोखंडी खाट, एक टिकटिकणारं यंत्र. खाटेवर तो स्वतः होता. आरशात दिसतो तसा नव्हे, लोकांना दिसत असेल तसा. भांग उलट्या बाजूला वाटत होता. खांदे इतके उतरलेत हे आनंदाला ठाऊक नव्हतं.

"आलीस व्हय वृषे?" खाटेवरचा माणूस म्हणाला.

चष्मा वृषालीचा होता. खेळाला वाटत होतं तीच आली आहे.

"कालचं मनाला लावून घेऊ नगंस," तो म्हणाला. आवाज मऊ होता. आनंदानं मुलीशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलल्याचं त्याला आठवेना. "तू इंजेक्शन घाईत दिलंस खरं. पण भ्याली हुतीस तू. मला दिसत हुतं."

आनंदा हलला नाही.

"अलीकडं माझ्याकडं बघत न्हाईस. यंत्राकडं बघतीस. माझं संपत आलं की मान खालीच घालतीस. बघितलंस तरी चालतंय गं. मला जरा बरं वाटंल."

"मी वृषी न्हाई," आनंदा म्हणाला.

खाटेवरच्या माणसानं मान किंचित वळवली. आवाज ओळखीचा वाटला असावा. तो बराच वेळ आनंदाकडं बघत राहिला. यंत्र टिकटिकत होतं.

"मग तू कशाला आलास हितं?" तो हळू म्हणाला. "दोघातल्या एकानं तरी घरी थांबाय पायजे."

तेवढ्यात त्याची पाठ कमानीसारखी वर उचलली. तोंड उघडलं पण आवाज आला नाही. यंत्राची टिकटिक वेडीवाकडी झाली. आनंदानं त्याचा हात धरायला हात पुढं केला. हातमोजे त्यानं घातले नव्हते, त्यामुळं हातात काहीच आलं नाही. शेजारी औषधांचा ट्रे होता, त्यातलं एकही नाव त्याला वाचता येईना. नाही म्हणायला त्यानं एक केलं. मान खाली घातली नाही. शेवटपर्यंत बघत राहिला.

मग अंधारात अक्षरं आली. 'रुग्ण दगावला. प्रयत्न विसावा. पुन्हा सुरू करायचे?'

संध्याकाळी वृषाली आली तेव्हा तो अंगणात बसला होता.

"तुझ्या नावावर एक जादा लागलाय," तो म्हणाला. "विसावा माझा."

ती त्याच्या शेजारी बसली. किती तरी दिवसांनी बसली.

"तो मला ओळखतो आण्णा," ती म्हणाली. "रुग्णाशी नातं जोडायला शिकवायचं म्हणून आधीच्या भेटी त्याच्या लक्षात राहतील असं केलंय. मरणं पण लक्षात राहतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज आत गेलं की तो मलाच धीर देतो. मग इथं तुम्ही चहा पिताना दिसता आणि मला कळत नाही मी कुणाकडं बघतेय."

तिसऱ्या आठवड्यात वृषाली पास झाली. चष्मा परत गेला.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळी नऊच्या सुमाराला, आनंदा परसात नळाचा वायसर बदलत होता. छातीवर कुणीतरी भरलेलं पोतं ठेवल्यासारखं वाटलं. तो उठून पायरीवर बसला. घाम आला. शालननं विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला काही नाही. अर्ध्या तासानं पोतं जड झालं. शालननं त्याला काही न विचारता शेजारच्यांची गाडी बोलावली.

दवाखान्यात मुजावर डॉक्टर होते आणि वृषालीची पाळी होती. आनंदाला खाटेवर घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली, दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजला. वृषालीनं ईसीजीच्या तारा लावल्या. कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि उजेडात धरून परत पाहिला.

कागदावर हार्ट अटॅक होता. अगदी तसाच, जसा खेळात असायचा.

"महाधमनी," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन द्यायचं नाही. ॲम्ब्युलन्स बोलवा, कोल्हापूरला स्कॅनला पाठवू."

"तास लागेल," वृषाली म्हणाली. ती यंत्राकडं बघत होती.

"माहितेय."

"खरा अटॅक असला तर तासाभरात..."

"सिस्टर, मी अकरा वेळा दिलंय ते इंजेक्शन. तुम्ही?"

वृषालीनं ईसीजीची सुटलेली एक तार परत लावली.

आनंदा खाटेवरून दोघांकडं बघत होता. दोघं त्याच्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते. दोघांच्याही नजरा यंत्रावर होत्या. त्याला त्या दुसऱ्या खोलीची आठवण झाली आणि वेगळीच भीती वाटली. आपण नेमके कुठल्या खाटेवर आहोत, याची. त्यानं खाटेची कड चाचपली. लोखंड गार होतं आणि रंगाचा एक पोपडा नखात आला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही मला अजून काय विचारलंच न्हाई."

मुजावरांनी खाली पाहिलं.

"तुम्हाला ठावं हाय असं वाटतंय. वृषीला बी. पण मी हितं हाय की. मला विचारा."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि आनंदाच्या डोक्याशी बसले. "काका, काय होतंय?"

आयुष्यभर तो याला एकच उत्तर देत आला होता. आताही ते जिभेवर होतं. दारात शालन उभी होती, तिच्या देखत खरं बोलायचं त्याला अवघड झालं. पण तो बोलला.

"सकाळी वायसर बदलताना सुरू झालं. एकदम न्हाई. आधी हलकं, मग चढत गेलं. पोतं ठेवल्यागत. डाव्या हातात मुंग्या हायत. पाठीत काय न्हाई, फाटल्यागत काय न्हाई. आणि हे आजचं न्हाई. दोन महिनं झालं, देवळाची चढण चढताना छाती आवळती. थांबलं की जातंय. मी कुणाला सांगितलं न्हाई. स्कॅनच्या डॉक्टरला बी न्हाई."

शालननं दाराची चौकट धरली.

वृषाली आता त्याच्याकडं बघत होती. "आण्णा, पाठीत खरंच काही नाही? दोन खांद्यांच्या मध्ये?"

"न्हाई."

"शपथ?"

"तुझी शपथ."

डॉक्टरांनी हातातलं छोटं सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवलं. पदर उसवल्याची खूण दिसेना. हृदयाची खालची भिंत मात्र नीट हलत नव्हती. त्यांनी कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, कागद दाखवला, आनंदानं सांगितलेलं शब्दाशब्दानं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ही गोष्ट हृदयाची आहे. द्या."

एकसष्ट वेळा महाधमनी. उरलेल्या एकोणचाळीस वेळा काय झालं होतं, ते आजवर कुणी पाहायला गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, पण ते पुढं झाले नाहीत. वृषालीनं सिरिंज त्यांच्याकडून घेतली. शिरेत सुई गेली तेव्हा तिनं आनंदाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मग नजर हलवली नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टर उठून भिंतीला टेकून उभे राहिले. चौथं मिनिट भरलं तेव्हा वृषालीचे ओठ हलत होते. यंत्र टिकटिकत राहिलं. पाचवं गेलं. आनंदाला शालन दिसली, ती पदरानं तोंड पुसत होती.

"पोतं जरा हलकं झालंय," आनंदा म्हणाला.

कोल्हापूरला त्याच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. आठव्या दिवशी तो घरी आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी गौतमी इनामदार आली. तिचे केस मधल्या काळात बरेच पिकले होते.

"तुमची नवी मापं घ्यायची परवानगी हवी होती," ती म्हणाली. "पण खरं तर मी माफी मागायला आले. परीक्षेत आम्ही एकच शेवट घ्यायला नको होता."

"बंद करा ते," वृषाली म्हणाली. "करारात आहे. आण्णांनी सांगितलं की पुसून टाकायचं."

"हो. तो हक्क त्यांचा आहे."

मुजावर डॉक्टरही आले होते. ते कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसले होते. "मी रुग्णाशेजारी बसायला खेळातच शिकलो," ते हळूच म्हणाले. "आणि खऱ्या काकांना बघितल्यावर तेच विसरलो. कुणाची चूक, मला सांगता येत नाही."

आनंदा बंद करा म्हणणारच होता. तेवढ्यात शालन म्हणाली, "मला बघायचंय आधी."

गौतमीनं पिशवीतून चष्मा काढला. शालन पलंगावर बसली आणि तिनं तो लावला. बाकीचे तिच्याकडं बघत राहिले. एकदा तिनं हात पुढं करून हवेतच काहीतरी नीट केलं. पांघरूण असावं. वीस मिनिटं झाली. तिनं चष्मा काढला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"एकटंच ठेवलंय की ओ त्यांना," ती गौतमीला म्हणाली. "जवळ कोण न्हाई. उठत्यात, मरत्यात, परत उठत्यात. पाणी द्यायला सुद्धा माणूस न्हाई."

"ते नकली आहे आई," वृषाली म्हणाली.

"असंल. मला वळखलं त्यांनी."

"म्हणून तर पुसून टाकायचं."

"न्हाई," शालन म्हणाली. "पुसायचं न्हाई. किती दिवस लागत्यात तुम्हाला? चाळीस? मी येती."

आनंदानं तिला खूप सांगून पाहिलं. रागावून, समजावून, शेवटी गप्प बसून. शालन चाळीस वर्षांत त्याच्या शब्दाबाहेर फारशी गेली नव्हती. या वेळी तिनं कपड्यांची बॅग भरली, वृषालीला डाळीचे डबे दाखवले आणि ती पुण्याला गेली. आनंदानं चाळीस दिवस स्वतःच्या हातानं भाकरी थापून खाल्ली, एकही गोल झाली नाही.

ती परत आल्यावर काही महिन्यांनी गौतमीचा फोन आला. सतरा नंबरच्या खाटेशेजारी आता एक बाई बसलेली असते. विद्यार्थ्यानं विचारलं आणि सतरा नंबर खोटं बोलला, की ती मध्येच म्हणते, "ऐकू नका त्यांचं, दोन महिनं झालं." शेवटही आता दर वेळी वेगळा असतो. खेळ सोपा झाला अशी तक्रार काही प्राध्यापकांनी केली आहे. पण नातेवाइकांकडं वळून बघायला मुलं शिकतायत, असंही काहींचं म्हणणं आहे. गौतमीला आणखी एक सांगायचं होतं. जेव्हा एकही विद्यार्थी आत नसतो, तेव्हाही ती दोघं बोलत असतात. यंत्र थांबवलं नाही तर त्यांचा काळ पुढं सरकत राहतो.

"काय बोलत्यात?" आनंदानं विचारलं.

"आम्ही ऐकत नाही. बरोबर वाटत नाही."

तिनं त्याच्यासाठी एक चष्मा पाठवून दिला. तो पंधरा दिवस कपाटावर पडून होता. एका सकाळी शालन आणि वृषाली बाहेर अंगणात वाळवण घालत होत्या. आनंदानं आतल्या खोलीत जाऊन चष्मा लावला.

खाट तीच होती. तो उशीला टेकून बसला होता, अंगानं भरल्यासारखा दिसत होता. शालन खाली मान घालून लसूण सोलत होती. दवाखान्यात लसूण कुठून आणला कुणास ठाऊक. तिच्या कानांवरचे केस पार पांढरे झाले होते. अंगणातल्या शालनचे अजून काळे होते.

खाटेवरच्या माणसाचं दाराकडं लक्ष गेलं. "कोण आलंय बघ गं."

शालननं वर पाहिलं. आनंदाला वाटलं ती ओळखेल. ती एक क्षण थेट त्याच्याकडं बघत राहिली.

"कोण न्हाई," ती म्हणाली. "चुकून आलं असंल कोणतरी." आणि उठून तिनं हिरवा पडदा ओढून घेतला.

आनंदा तिथंच उभा राहिला. पडद्यामागून दोघांचं हळू आवाजातलं बोलणं चालू होतं. कालच्या बारशाचं बोलत होती. पाळणा कुणी सजवला, मुजावर डॉक्टर आले होते का, वृषी किती दमली होती, लेकरू कुणाच्या वळणावर गेलंय. बाहेर अंगणात वृषाली कशावरून तरी हसत होती. तिचं अजून लग्नही ठरलेलं नव्हतं.

"पण नाव काय बाई ठेवलंय तिनं," पडद्यामागची शालन म्हणाली, "मला तर आधी ऐकूनच कसंतरी झालं."

"चांगलं हाय की," तो म्हणाला. "परत एकदा सांग बघू."

नाव ऐकू यायच्या आत आनंदानं चष्मा काढला.